एकाच नावाच्या तपासण्या

रोहिणी सुरवसे साइटवर सगळ्यांना ठाऊक होती, पण तिच्याशी बोलायची गरज फारशी कुणाला पडत नसे. निघोजे गावाच्या अंगाला एका कारखान्याची मोठी शेड उभी राहत होती. तिथे गेटमधून आत आलं की डाव्या हाताला लोखंडी कंटेनरमधलं ऑफिस, आणि ऑफिसच्या शेवटच्या टोकाला, प्रिंटरशेजारी तिचं टेबल. हुद्दा डॉक्युमेंट कंट्रोलर. नकाशे, परवानग्या, तपासण्या, सगळं जागच्या जागी ठेवायचं आणि कुणी मागितलं की काढून द्यायचं. पूर्वी हे सगळं फायलींत असे तेव्हा लोक टेबलापाशी यायचे, फाइल मिळेपर्यंत दोन शब्द बोलायचे. आता सगळं अ‍ॅपमध्ये गेलं होतं, आणि अ‍ॅप प्रत्येकाच्या हातात होतं.

ती मूळची भूमची. लग्न दोन वर्षं टिकलं. त्यानंतर ती चिखलीत एका खोलीत राहायला आली त्यालाही आता बराच काळ झाला. सकाळी स्कूटीवरून तळवड्याच्या चौकातून इंद्रायणी ओलांडायची, संध्याकाळी त्याच रस्त्याने परत. दुपारी इंजिनिअर मंडळी हॉटेलात जात. रोहिणी कंटेनरच्या पायरीवर बसून डबा खाई. आत एसी होता, पण आत जेवलं की वास राहतो अशी एकदा कुणीतरी तक्रार केली होती. तेव्हापासून पायरी.

ज्योतीराम लोमटे हे साइटचे क्वालिटी इंजिनिअर. अंबाजोगाईकडचे, पन्नाशीला टेकलेले, बोलायला कमी. कुठल्याही पायात, म्हणजे फुटिंगमध्ये, काँक्रीट ओतण्याआधी त्यांनी खड्ड्यात उतरायचं, सळया मोजायच्या, त्यांच्यातलं अंतर बघायचं, फोटो काढायचे आणि टॅबलेटवर चेकलिस्ट भरायची. त्यांच्या टिकमार्कशिवाय काँक्रीटची गाडी गेटच्या आत येत नसे. निदान तसा नियम होता.

अडचण नेटवर्कची होती. खड्ड्यात रेंज मिळत नसे. नवी चेकलिस्ट उघडायची तर तिचा कोरा नमुना सर्व्हरवरून खाली यावा लागे, आणि तोवर काँक्रीटवाला हॉर्न वाजवत उभा. म्हणून साइटवर एक रीत पडली होती. जुनी भरलेली चेकलिस्ट टॅबलेटवर असतेच, तिची कॉपी काढायची आणि आतला मजकूर बदलायचा. ती पाठवतानाही रेंज गेली की लोक बटण पुन्हा दाबत, मग पुन्हा. रेंज आली की एकच चेकलिस्ट तीनदा चारदा जाऊन पडे.

प्रोजेक्ट मॅनेजर दिग्विजय सर पिंपळे गुरवचे. वयाने रोहिणीपेक्षा लहान, सदा घाईत. एक दिवस ते तिच्या टेबलापाशी येऊन उभे राहिले.

"मॅडम, पुढच्या शुक्रवारी क्लायंटची माणसं येणार तपासायला. ते अ‍ॅप उघडून बघा जरा. एकेक लिस्ट चार-चार वेळा. ते म्हणतील, हे लोक तपासणी करतात का झेरॉक्सचं दुकान चालवतात?"

"जास्तीच्या काढून टाकू?"

"काढा ना. एकदम चकाचक करा."

चकाचक करायचं म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि तिने विचारलं नाही. तिच्याकडे अ‍ॅडमिनचे अधिकार होते. तिने सुरुवात नीट केली. एकाच नावाच्या चेकलिस्ट शेजारी शेजारी उघडायच्या, ओळ न् ओळ ताडून बघायची, खरोखर सारख्या असल्या तर पहिली ठेवून बाकीच्या पुसायच्या. पहिल्या वीस-पंचवीस सगळ्या सारख्याच निघाल्या. मग तिने उघडायचं सोडलं. नाव सारखं, भरणारा माणूस तोच, म्हणजे कॉपी. 'फुटिंग ए-१, सळई तपासणी' या नावाच्या तर ढिगाने होत्या. तिने वरची एक ठेवली, बाकीच्यांवर खूण केली आणि पुसून टाकल्या. पूर्वेच्या बाजूचा एक नमुनाही दोनदा दिसत होता, तोही काढला. संध्याकाळी यादी सुटसुटीत दिसायला लागली. दिग्विजय सरांनी लांबूनच अंगठा दाखवला.

सोमवारी सकाळी शुक्रवारची रंगीत तालीम म्हणून दिग्विजय सरांनी सगळ्यांना ऑफिसात बोलावलं आणि भिंतीवरच्या पडद्यावर अ‍ॅप उघडलं.

"लोमटे सर, पूर्वेकडच्या फुटिंगची एकच चेकलिस्ट दिसतीय. ए-वनची. बाकीच्या?"

"सगळ्या केल्यात."

"केल्यात तर दिसायला पाहिजेत ना. दाखवा."

लोमट्यांनी टॅबलेट काढला. बोटाने वर-खाली केलं. चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा केलं. खोलीत सात-आठ माणसं होती आणि सगळी त्यांच्या बोटाकडे बघत होती.

"नेट नसंल," ते म्हणाले.

"इथं नेट फुल आहे, सर."

सुरज नावाचा ज्युनिअर इंजिनिअर मागून म्हणाला, "सर मनातल्या मनात टिक करत असतील. पेपरलेस म्हणतात ना!"

दोघेतिघे हसले. लोमटे हसले नाहीत, चिडलेही नाहीत. त्यांनी टॅबलेट बंद करून पुन्हा चालू केला.

दिग्विजय सरांनी सगळ्यांना बाहेर घालवलं. रोहिणी तिथेच राहिली. तिचं टेबल तिथेच होतं, आणि ती खोलीत आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं. "लोमटे सर, स्पष्ट बोलतो," दिग्विजय म्हणाले. "तपासणीविना काँक्रीट ओतलं असा याचा अर्थ होतो. क्लायंट पायाला ड्रिल मारून काँक्रीटचे तुकडे काढून तपासणार. आणि तुमचं नाव त्यांच्या यादीत जाणार. मग त्यांच्या एकाही साइटचं गेट तुम्हाला उघडायचं नाही. मला काही करता येणार नाही. शुक्रवारपर्यंत घरी बसा, आठवून बघा, कुठं सेव्ह केल्या असतील तर."

"मी खड्ड्यात उतरलो होतो, सर."

"मी कुठं नाही म्हणतोय? पण दिसत नाही ना."

लोमटे हेल्मेट काखेत मारून निघून गेले. रोहिणीने आपल्या कॉम्प्युटरवर पुसलेल्या गोष्टींची यादी उघडली. तिथे नुसती नावं दिसत होती. फुटिंग ए-१, फुटिंग ए-१, फुटिंग ए-१. पण त्यांच्यासमोरच्या तारखा वेगवेगळ्या होत्या. लोमटे जुनी चेकलिस्ट कॉपी करत, आतला जागेचा नंबर, फोटो, शेरे सगळं बदलत. वरचं नाव तेवढं बदलत नसत. पाठवायच्या घाईत त्यांना ते महत्त्वाचं वाटलं नसणार.

दिग्विजय सर तिच्यापासून हाताच्या अंतरावर फोनवर बोलत होते. तिने खिडकी बंद केली. पडद्यावरची.

का बोलली नाही, याचं उत्तर तिने त्या दिवशी स्वतःला दिलं ते असं: आधी परत मिळतंय का ते बघू, मग सांगू. ते पूर्ण खोटं नव्हतं. पण तिच्या आधी त्या टेबलावर बसणाऱ्या बाईला चुकीचा नकाशा पाठवल्याबद्दल एका दुपारीत काढलं होतं, आणि रोहिणीचा करार मार्चअखेर नव्याने व्हायचा होता. मंगळवार गेला. बुधवार गेला. लोमट्यांचा नंबर तिच्या फोनमध्ये होता. परत मिळवायचं बटण पडद्यावर दिसत होतं, पण दाबलं तर हलत नव्हतं.

बुधवारी संध्याकाळी ती चिखलीत पोचली तेव्हा घरमालकीण गवराबाई जिन्यात लसूण सोलत बसल्या होत्या. चिखलीत शेतं होती तेव्हापासूनच्या. आता त्यांच्या वावरात तीन मजले आणि अठरा भाडेकरू होते.

"तोंड का गं उतरलंय? कंपनीनं काडलं का काय?"

"नाही हो मावशी. माझ्याकडून थोडं काम पुसलं गेलंय. दुसऱ्याचं."

"मंग परत लिव्ह."

"तसं नाही होत. लिहिलं की आजची तारीख पडते. खोटं वाटतं."

गवराबाईंनी लसणीची साल फुंकली. "आन् त्या कॅम्पुटरात पुसल्यालं परत येतं व्हय?"

"येतं म्हणतात. खरं पुसलेलं नसतंच ते. नुसतं दिसेनासं करतात."

"बरंय बाई तुमचं. आमचं सातबाऱ्यावरचं नाव गेलं ते न्हाई आलं परत." मग त्या म्हणाल्या, "त्या मानसाला ठावं हाय का, तू पुसलं ते?"

रोहिणी म्हणाली, "नाही."

"हां," म्हणून गवराबाई पुढची पाकळी सोलायला लागल्या.

गुरुवारी त्या सगळ्या पट्ट्यात कारखान्यांना सुट्टी. रस्ते मोकळे होते, टपऱ्या अर्ध्या बंद. रोहिणी नेहमीच्या वेळेला साइटवर पोचली. गेटवर दत्तोबा वॉचमन खुर्चीत पाय पसरून बसला होता.

"सुट्टीच्या दिशी बी, मॅडम? घरी कोन भांडतं का?"

"घरी कुणी नाही भांडायला, दत्तोबा."

"मंग तर घरीच ऱ्हायचं की!" त्याने हसत हसत कुलूप काढलं.

तिने अ‍ॅपच्या कंपनीला फोन लावला. पलीकडून स्वरूपा नावाच्या मुलीचा आवाज आला.

"मॅडम, तुम्ही चेकलिस्टबरोबर तिचा नमुनाही डिलीट केलाय. त्यामुळे स्क्रीनवरचं रिस्टोअरचं बटण चालत नाही. चेकलिस्टला परत यायला नमुना लागतो, आणि तो स्क्रीनवरून परत आणता येत नाही. एपीआयमधून करावं लागेल. तुम्ही डेव्हलपर आहात का?"

"नाही. डॉक्युमेंट कंट्रोलर."

"मग तुमच्या आयटी टीमला सांगा ना."

"ते उद्या दुपारी बघतो म्हणालेत. उद्या सकाळी क्लायंट येतोय."

स्वरूपा म्हणाली, "लिहून घ्या."

एपीआयबद्दल रोहिणीने नुसतं ऐकलं होतं. प्रत्यक्षात ते तिच्या रोजच्या कामासारखंच निघालं. कुठल्या प्रकल्पातलं, कुठल्या प्रकारचं, कुठल्या नंबरचं, हे ठरलेल्या साच्यात लिहून विचारायचं. विचारणाऱ्याला अधिकार असेल तर सर्व्हर उत्तर देतो. पडद्यावर बटण असो वा नसो. त्यासाठी अ‍ॅपच्या वेबसाइटवर एक पान होतं. तिने तिथे आपली परवानगीची खूण टाकली, प्रकल्पाचा नंबर टाकला, 'पुसलेल्याही दाखवा' अशा अर्थाचा शब्द टाकला आणि पाठवलं. पहिल्यांदा चूक झाली, कुठेतरी अवतरणचिन्ह राहिलं होतं. दुसऱ्यांदा पान खालपर्यंत भरलं.

सगळं होतं. जागेचे नंबर, ए-२ पासून पुढे. सळयांची मापं, शेरे, फोटोंचे दुवे. आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी, कुणी भरली: ज्योतीराम लोमटे. कुणी पुसली: रोहिणी सुरवसे. कधी पुसली, तेही. प्रत्येकीच्या शेवटी तेच.

फोन चालूच होता. तिने विचारलं, "परत आणल्यावर हे 'कुणी पुसली' निघून जातं का?"

"नाही, मॅडम. हिस्टरी राहते. कुणी भरली, कुणी डिलीट केली, कुणी रिस्टोअर केली. तपासणारे तेच आधी बघतात."

"ती काढता येत नाही?"

"कुणालाच नाही."

तिने आभार मानून फोन ठेवला. मजकूर तर हातात आला होता. तो छापून लोमट्यांना गुपचूप देता आला असता. त्यांनी नव्याने भरल्या असत्या. पण मग पावसाळ्यापासून ओतलेल्या पायांच्या तपासण्या डिसेंबरातल्या एका गुरुवारी भरलेल्या दिसल्या असत्या, सगळ्या एका दिवशी. ड्रिल मारायला क्लायंटला दुसरं कारण लागलं नसतं.

ती नोंदी वाचत बसली. 'सळईखालचे कव्हर ब्लॉक दोन कमी. लावून घेतले, मग परवानगी.' 'खड्ड्यात पाणी. उपसायला सांगितले. चारला पुन्हा उतरलो. ठीक.' 'सळई गंजलेली. ब्रश मारून घेतला. मुकादम नाराज.' वर्षभर हा माणूस तिच्या टेबलावरून ये-जा करत होता आणि एवढी वाक्यं त्याने तिच्याशी, किंवा तिच्यादेखत कुणाशी, बोललेली तिला आठवत नव्हती. सुरजच्या चेकलिस्टच्या फोटोंत पोरं दोन बोटं वर करून उभी असायची. लोमट्यांच्या फोटोंत माणूस नसे. सळया, मोजपट्टी, आणि शटरिंगच्या फळीवर पिवळ्या खडूने लिहिलेला नंबर आणि तारीख. कित्येक तारखा गुरुवारच्या होत्या, एक दिवाळीतल्या पाडव्याची.

ए-१७ च्या फोटोत मात्र एक माणूस होता. लोमट्यांनी खड्ड्याच्या काठावरून पश्चिमेकडे तोंड करून फोटो काढला होता. पुढे सळयांची जाळी, मागे लांबवर कंटेनर, आणि कंटेनरच्या पायरीवर मांडीवर डबा घेऊन बसलेली बाई. नखाएवढी. रोहिणीने फोटो मोठा केला. ती कशाकडेही बघत नव्हती. ए-१८ मध्येही ती होती, ए-२१ मध्येही, वेगळ्या तारखांना, त्याच पायरीवर, तशीच बसलेली. आपण लांबून कशा दिसतो हे तिने यापूर्वी कधी पाहिलं नव्हतं. तिने फोटो बंद केला.

मग तिने आधी नमुना परत आणला. त्याचा नंबर टाकून पाठवलं, आणि यादीत तो जागच्या जागी येऊन बसला. मग एकेक चेकलिस्ट. नंबर टाकायचा, पाठवायचं, हिरवं उत्तर येईपर्यंत थांबायचं. सगळ्या एकदम पाठवायची काही युक्ती असणार, पण ती तिला येत नव्हती, आणि पुन्हा ढिगाने काही करायची तिची तयारी नव्हती. प्रत्येक नोंद परत आली की ती उघडून बघत होती. मधे दत्तोबा चहा ठेवून गेला, तो तसाच निवला. उन्हं उतरेपर्यंत काम चाललं.

लोमट्यांना फोन करावा असं निघताना तिच्या मनात आलं. तिने त्यांना फक्त मेसेज पाठवला: 'सर, चेकलिस्ट अ‍ॅपमध्ये दिसत आहेत. उद्या या.' त्यावर दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर आलं नाही.

शुक्रवारी क्लायंटकडून आल्या त्या वर्षाराणी मॅडम. पांढरं हेल्मेट, आवाज बारीक. लोमटेही येऊन दाराशी उभे होते. त्यांनी पूर्वेकडची यादी काढली आणि पाच-सहा नोंदी उघडल्या. फळीवरची खडूची तारीख आणि नोंदीची तारीख ताडून पाहिली. मग हिस्टरीचा रकाना उघडला.

"ह्या सगळ्या डिलीट झाल्या होत्या? आणि काल परत आल्या? रोहिणी सुरवसे कोण?"

दिग्विजय सरांनी पडद्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. त्यांना पहिल्यांदाच कळत होतं.

"मी," रोहिणी प्रिंटरपासून उठून म्हणाली. "नावं सारखी होती. कॉपी समजून पुसल्या. न उघडता."

"कुणी सांगितलं पुसायला?"

दिग्विजय सर खिशातला फोन चाचपत होते.

"जास्तीच्या काढायला सांगितल्या होत्या," रोहिणी म्हणाली. "ह्या जास्तीच्या नव्हत्या. ते बघायचं काम माझं होतं."

वर्षाराणी मॅडमनी वहीत काहीतरी लिहिलं. "तपासण्या ठीक आहेत. ड्रिलची गरज नाही. पण पुसायचा अधिकार एका माणसाच्या हातात ठेवू नका." त्या पुढच्या यादीकडे वळल्या. एवढ्यावर संपलं.

क्लायंटची गाडी गेटबाहेर पडल्यावर दिग्विजय सर म्हणाले, "मॅडम, मला आधी सांगायचं होतं ना. मी सांभाळून घेतलं असतं." मग म्हणाले की अ‍ॅडमिनचे अधिकार आजपासून हेड ऑफिसकडे जातील आणि मार्चचं मार्चमध्ये बघू. सुरज म्हणाला, "लोमटे सर, पार्टी!" लोमटे त्याच्याकडे न बघता कंटेनरच्या शेवटच्या टोकाला आले. रोहिणीच्या टेबलापाशी ते पहिल्यांदाच असे थांबले होते.

"मॅडम, तुमाला सोमवारीच कळलं होतं का?"

खोटं बोलणं सोपं होतं. गुरुवारी सापडलं म्हटलं असतं तर ते मानून गेले असते.

"सोमवारीच," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर गेलात तेव्हाच."

लोमटे टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. "चार दिवस मला वाटत होतं, मीच भरल्या नाहीत. वय झालं, डोकं चालत नाही, असं. बायकोला सांगितलं नाही. डबा घेऊन निघायचो आन् आळंदीच्या घाटावर बसून ऱ्हायचो."

"चुकलं, सर," ती म्हणाली.

"परत आणल्या, ते बरं केलं," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. दुसरंही काही नव्हतं. ते हेल्मेट घालून बाहेर गेले.

पुढच्या आठवड्यात लोमट्यांच्या नव्या चेकलिस्ट यायला लागल्या. कॉपीच असायच्या, पण वरचं नाव दर वेळी बदललेलं. ए-४०, ए-४१. आधीच्या सगळ्या अजून 'फुटिंग ए-१' याच नावाने होत्या. रोहिणीच्या पडद्यावर त्या दिसत, उघडत, पण पुसायचं बटण आता तिथे नव्हतं.

दुपारी ती डबा घेऊन पायरीवर बसली. पूर्वेच्या बाजूला लोमटे खड्ड्याच्या काठावर उभे होते. त्यांनी वाकून फळीवर खडूने काहीतरी लिहिलं, मग टॅबलेट डोळ्यांसमोर धरला. तोंड तिच्याकडेच होतं. ते तसेच थोडा वेळ थांबले. मग दोन पावलं उजवीकडे सरकले, टॅबलेट पायरीपासून दूर वळवून धरला आणि फोटो काढला.

रोहिणीने भाकरीचा तुकडा मोडला. हॉटेलात गेलेली मंडळी परत यायला अजून अवकाश होता.